किल्ली कुणाकडे आहे?

या, असे जवळ येऊन बसा. उंबऱ्यावर उभं राहून ऐकलंत तर अर्धं तुमच्या कानात जाईल आणि अर्धं गलीत. आणि आधी मला सांगा, तुम्हाला काही कळतं की नाही? काशीच्या कॅन्ट स्टेशनावर उतरता, कपाळाला गंध लावलेला कुणी माणूस पुढे होऊन "या, या, नाशिकचे का?" म्हणाला की लगेच पिशवी त्याच्या हातात. का, तर मराठी बोलला, आपलाच माणूस. दरवर्षी बघते मी. पिशवीत परतीचं तिकीट, गंगापूजनाचे पैसे, म्हातारीच्या गोळ्या, सगळं. आणि तुम्ही आपले मागून हात हलवत चालता, जशी काही वरात निघाली आहे.

आमच्या बँकेतल्या बाई असत्या तर तुम्हाला तिथेच अडवलं असतं. मान जराशी कलती करून, चष्म्याच्या वरून बघत त्यांनी विचारलं असतं, "माणूस चांगला असेल. पण किल्ली कुणाकडे आहे?"

हे त्यांचं वाक्य. त्यांच्यासमोर कुणाची स्तुती करायची सोय नव्हती. माझ्या जावयाचं कौतुक केलं, हेच. दूधवाला फार प्रामाणिक आहे म्हटलं, हेच. एकदा मी त्यांना एका देवळात घेऊन गेले. डोळे मिटून नमस्कार केला, डोळे उघडले, दानपेटीकडे नजर गेली आणि पुजारी समोर असताना माझ्या कानात तेच. मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले.

त्या आमच्या दूधविनायकाच्या गलीत कशा आल्या ते सांगते. म्हणजे आधी बाळूचं सांगावं लागेल.

बाळू माझ्या शेजारच्या रमावहिनींचा एकुलता मुलगा. अंगाने थोराड, दाढीमिशी सगळं वेळेवर आलं, पण समज चारपाच वर्षांच्या पोराचीच राहिली. तुम्ही शिकलेली माणसं मतिमंद म्हणता, गलीत त्याला भोला म्हणायचे. वडील यात्रेकरूंचे भटजी. महाराष्ट्रातून माणसं यायची, कुणी अस्थी घेऊन, कुणी गंगापूजनाला, यांच्याकडे उतरायची. वडील गेल्यावर ती यजमानकी त्यांचा पुतण्या गजानन बघू लागला. निम्मा वाटा बाळूचा. बाळू सोवळं नेसून गजाननच्या शेजारी बसायचा, आणि लोक दक्षिणा त्याच्याही हातात ठेवायचे. भोळ्या ब्राह्मणाला दिलेलं लवकर पोचतं, असं त्यांना वाटत असावं.

पण पोचायचं कुठे? वडिलांनी त्याला लहानपणी एक गोष्ट पक्की शिकवली होती. समोर कुणी हात पसरला तर रिकामा जाऊ द्यायचा नाही. हे काशीत! इथे घाटाच्या पायरीपायरीवर हात पसरलेला असतो. साधू आहे, नाववाला आहे, आंधळा आहे, आंधळ्याचं सोंग घेतलेला आहे. बाळू घाटावरून निघायचा तेव्हा मूठ भरलेली, गलीत शिरायचा तेव्हा मोकळी. आणि चेहरा असा प्रसन्न, की रागवायला जीभ उचलत नसे.

एकदा रमावहिनी त्याला घेऊन बँकेत गेल्या. नवऱ्याच्या नावचं काहीतरी मिळायचं होतं. सोबतीला मी. नोटा मिळाल्या, त्या घटकाभर बाळूच्या हातात दिल्या आणि वहिनी सही करायला वळल्या. मागच्या रांगेतल्या माणसाला पेन हवं होतं, त्याने बाळूपुढे हात केला. बाळूने सगळ्या नोटा त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि नमस्कार केला.

तो माणूस काही चोर नव्हता. गोंधळला बिचारा. पण इतका वेळ जाळीमागे मान खाली घालून बसलेल्या बाई उठल्या, दार उघडून बाहेर आल्या आणि त्यांनी त्या माणसाचं मनगट धरलं. नोटा काढून घेतल्या. वहिनींना न देता परत बाळूच्या हातात दिल्या, त्याची बोटं एकेक करून मिटवली, आणि मग आम्हाला मराठीत विचारलं, "हा तुमच्यामागे काय करणार आहे?"

असं तोंडावर कुणी विचारतं का? वहिनी रडायलाच लागल्या. ज्या गोष्टीचा विचार येऊ नये म्हणून वहिनी दिवसभर भांडी घासत बसायच्या, ती गोष्ट या परक्या बाईने भर बँकेत बोलून टाकली.

पुढच्या रविवारी बाई आमच्या दारात. राहायच्या रामनगरला, गंगेपलीकडे, खोली घेऊन एकट्या. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, विचारलं तर उत्तर नाही. म्हणाल्या, अशी मुलं असलेल्या आणखी आया असतील तर बोलवा, मी दर रविवारी येईन. पैसा कसा धरायचा ते शिकवीन. मुलांना आणि तुम्हालाही.

आता खरं सांगा, तुम्हाला संशय आला नसता? आम्हाला तर आलाच. सुट्टीच्या दिवशी नावेतून यायचं, कुणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, स्वतःची पाण्याची बाटली, आणि विषय काय तर दुसऱ्याच्या पोराचा पैसा. गजाननने तर गलीभर करून टाकलं की या बहनजीची नजर काकांच्या घरावर आहे. मला गजानन आवडत नसे, त्यामुळे मी त्याला विरोध केला, पण मनात म्हटलं, लक्ष ठेवायला हवं. म्हणून बैठक माझ्याच ओसरीवर भरवली.

त्यांचं शिकवणं असं, की बघणाऱ्याला खेळ वाटावा. मधे एक लाकडी तखत, हे दुकान. माझ्या डब्यातले शेंगदाणे, हा माल. मुलाने एका हातात नोट धरायची, मूठ मिटलेली. दुकानदार काय वाटेल ते बोलो. दुसऱ्या हातात वस्तू आली, की मगच ही मूठ उघडायची. पोलिओ झालेली एक मुलगी होती मदनपुऱ्याची, विणकराघरची, हिशेबात तरबेज. तिला बाई दुकानदार करायच्या, कारण ती फसवायचीही तरबेज होती. आया हसून हसून बेजार. पण बाळूची मूठ हळूहळू घट्ट झाली.

दुसरा धडा, विचारायचं. घरात "कशाला?" आणि बाहेर "काहे?" एवढा एकच शब्द. कुणीही पैसे मागितले की आधी हा शब्द. बाळूला तो येईना. मग बाईंनी परीक्षा सुरू केल्या. रिक्षावाल्याला पढवून पाठवलं, बाळूने पैसे दिले. फुलवाल्याला पाठवलं, दिले. रडायचं सोंग करून एक बाई आली, तिला तर पैशाबरोबर अंगावरचं उपरणंही दिलं. होता होता रिक्षावाल्याला "काहे?" म्हणायला शिकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाई म्हणाल्या, "माई, आता तुम्ही मागा."

मी काय, नेहमीसारखंच म्हटलं, "बाळू, दे रे बाळा." त्याने तत्काळ मूठ उघडली.

"बघा," बाई आयांना म्हणाल्या, "रिक्षावाल्याची मला काळजी नाही. धोका या बाईंचा आहे. यांचा आवाज गोड आहे आणि यांनी त्याला लाडू दिलेत."

मी दोन रविवार त्यांच्याशी नीट बोलले नाही. माझ्या ओसरीवर बसून, माझेच शेंगदाणे वापरून!

मग पेटी आली. एक लहानशी लोखंडी पेटी, बाळूच्या खाटेखाली. त्याची दक्षिणा, गजाननकडून येणारा वाटा, वहिनींनी पापड-सांडगे विकून साठवलेलं, सगळं तिच्यात. कुलूप एक, किल्लीही एकच. ती बाळूच्या जानव्याला बांधली, जशी जुनी माणसं बांधायची. वहिनी म्हणाल्या, दुसरी किल्ली माझ्याकडे असू दे, मी आई आहे. बाई मान कलती करून त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. वहिनींनी विषय सोडला. दर रविवारी आल्या की बाई पहिल्यांदा बाळूला जानवं वर काढायला लावायच्या, किल्ली बोटांत धरून बघायच्या, मग चप्पल काढायच्या.

त्याच वर्षी रमावहिनींच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, श्रावण उलटला की कापू. वहिनींना कापण्याची भीती नव्हती. जिन्याखालची बाळूची खोली, ती त्याची राहील का, एवढंच त्यांना खात होतं. गजाननच्या घरी यात्रेकरूंना जागा पुरत नसे आणि त्या खोलीकडे बघताना त्याची नजर कशी फिरते ते मी पाहिलं होतं. बाईंनी तोड काढली. पेटीतलं सगळं बँकेत, बाळूच्याच नावावर. व्याजावर त्याचं जेवण आणि घरपट्टी निघेल, मग त्याला कुणाच्या उपकारावर राहायला नको. श्रावणीच्या दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं ठरलं.

श्रावणी म्हणजे आपली जानवी बदलायची पौर्णिमा. त्या वर्षी गंगा इतकी चढली होती की घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. आमच्याकडचे सगळे पुरुष वरच्या पायरीवर ओळीने बसले. गजानन सांगत होता, बाकीचे करत होते. बाळू गजाननच्या शेजारी. परत आले तेव्हा पिवळंधमक नवं जानवं घालून बाळू गलीत सगळ्यांना दाखवत फिरला. संध्याकाळी वहिनींना पेटी उघडून एकदा बघावंसं वाटलं. बाळूच्या जानव्याला किल्ली नव्हती.

मग काय विचारता. पूर आत शिरावा तसा एकेका घरात संशय शिरला. मी वहिनींना म्हटलं, दिवसभर त्याच्याजवळ कोण बसलं होतं ते आठवा. गजाननच्या बायकोने ते ऐकलं. गजानन दारात येऊन म्हणाला, "काकू, मी पुतण्या आहे, दरोडेखोर नाही. दर रविवारी किल्ली बोटांत धरून कोण बघतं? साबणावर ठसा घ्यायला किती वेळ लागतो?"

हे मात्र मला सुचलं नव्हतं. आणि एकदा कानात पडल्यावर निघेना. खरंच की, बाई किल्ली धरायच्या. बोटांनी दाबून धरायच्या.

सकाळी रमावहिनी भिंतीला टेकून म्हणाल्या, "माई, मी दमले. सगळं गजाननला देऊन टाकते. रक्ताचा आहे. खोली घेईल, पण दोन घास तरी घालील." माझा कुणावरच भरवसा उरला नव्हता.

नावा बंद होत्या, त्यामुळे बाई राजघाटच्या पुलावरून टेंपोने आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल. ओसरीवर गजानन, त्याची बायको, वहिनी, मी, आणि मधे पेटी. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. गजाननने साबणाच्या ठशासकट सगळं तोंडावर सांगितलं. मला वाटलं आता या उलट फिरतील, नाहीतर रडतील.

बाईंनी चष्मा पुसला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "माझ्यावर संशय घ्यायला तुम्ही फार उशीर केलात. मी पहिल्या दिवसापासून वाट बघत होते." मग पदर खोचला. "कुलूप फोडा. सगळ्यांच्या समोर. मोजू, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

त्यांनी पेटीकडे हात केला मात्र, इतका वेळ जिन्यावर बसलेला बाळू उठला आणि पेटीवर येऊन बसला. चांगला मांडी घालून.

"बाळू, ऊठ," गजानन म्हणाला. बाळू हलला नाही. मी माझ्या गोड आवाजात म्हणून पाहिलं. नाही. तेव्हा बाईंनी त्याच्यापुढे वाकून तळहात पसरला. तो पसरलेला हात, ज्याला जन्मात कधी त्याने नाही म्हटलं नव्हतं. बाळूने त्या हाताकडे पाहिलं. त्याच्या ओठांची हालचाल झाली. दोन्ही हात त्याने पाठीमागे नेले आणि मुठी मिटल्या.

"कशाला?" बाळू म्हणाला.

बाईंचा हात तसाच राहिला. मग त्या त्याच्यासमोर खाली बसल्या आणि आमच्यापैकी कुणीही आदल्या संध्याकाळपासून जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यालाच विचारलं, "बाळू, किल्ली कुठे आहे?"

त्याने नवं जानवं अंगठ्याने वर उचललं. मग घाटाच्या दिशेने मान केली. ओंजळ केली, कपाळाला लावली आणि सोडून दिली. "जुनं गंगेला," तो म्हणाला. "गजाभाऊ म्हणाला."

मग गजानन मटकन खाली बसला आणि कपाळाला हात लावून हसायला लागला. जुनं जानवं उतरवा आणि गंगेत सोडा, असं त्यानेच ओळीला सांगितलं होतं. बाळूने सोडलं, जसं होतं तसं, किल्लीसकट. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

पण पेटीवरून तो उठेना. त्याच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नव्हतं ना. शेवटी रमावहिनी सरकत त्याच्याजवळ गेल्या. "तुझ्या खोलीसाठी रे," त्या म्हणाल्या. "मी नसेन तेव्हा." बाळूने थोडा विचार केला, उठला आणि पेटी स्वतः उचलून, बोलावून आणलेल्या कुलुपवाल्याच्या पुढे ठेवली.

पैसे सगळ्यांसमोर मोजले, पुरे निघाले आणि बँकेत गेले. बाळूला सही येत नव्हती, त्यामुळे अंगठा. प्रत्येक वेळी पैसे काढताना सोबत ओळखीची दोन माणसं हवीत, सहीला. बाई मला विचारतात, "माई, गलीत तुमचं कुणाशी अजिबात पटत नाही?" मी म्हटलं, हे काय विचारणं, गजाननशी. त्याच्या यात्रेकरूंची ओली लुगडी माझ्या पापडांवर ठिबकतात, छतावरून वर्षानुवर्षं भांडण. "मग तुम्ही आणि गजानन," बाई म्हणाल्या. वहिनींना पटेना. त्यांना समजावलं, की प्रेमाची दोन माणसं एकमेकांचं झाकतात, भांडणारी झाकत नाहीत. "आणि माई," मला बजावलं, "समेट करायचा नाही."

एवढं होऊनही माझ्या मनातला एक किडा गेला नव्हता. या बाईला यातून काय मिळतं? म्हणून चंपाषष्ठीच्या भरताला रामनगरची मोठी वांगी आणायच्या निमित्ताने मी बाळूला घेऊन नावेत बसले आणि पत्ता विचारत थेट त्यांच्या खोलीवर गेले. न सांगता. दार उघडून त्या माझ्या पिशवीतल्या वांग्यांकडे बघत म्हणाल्या, "एवढ्या उशिरा आलात? मला वाटलं होतं दिवाळीच्या आत याल."

एक खाट, एक स्टोव्ह. भिंतीवर एका माणसाचा फोटो, हार घातलेला. हसणं अगदी बाळूसारखं, सगळ्यांना दिलेलं.

"भाऊ," बाई म्हणाल्या. मग स्टोव्हला पंप मारत, माझ्याकडे पाठ करून बोलल्या. वडिलांनी त्याच्यासाठी ठेवलं होतं, सांभाळायला यांच्याकडे दिलं होतं. आधी धाकट्या बहिणीच्या लग्नात थोडं घेतलं. मग घराला. परत ठेवीन, ठेवीन म्हणत राहिल्या. तो एकदा आजारी पडला तेव्हा पेटीत काही नव्हतं. "त्याची किल्ली माझ्याकडे होती, माई. आणि मी चांगलीच होते. कुणालाही विचारा."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर चहा घेतला. मी घरी येऊन कुणाला बोलले नाही. भरीत मात्र खारट झालं, ते गजाननच्या बायकोने गलीभर सांगितलं.

वैशाखात त्यांची बदली झाली. निरोप द्यायला आम्ही घाटावर गेलो. पत्ता मागितला तर म्हणाल्या, कशाला? नावेत चढण्याआधी वळल्या आणि बाळूपुढे तळहात पसरला. शेवटची परीक्षा.

"कशाला?" बाळू म्हणाला.

"जाते म्हणून."

बाळूने बराच विचार केला. मग आपला रिकामा हात त्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने परत घेतला, उलटासुलटा करून पाहिला, सगळा आहे ना याची खात्री केली. बाई पलीकडे तोंड करून नावेत बसल्या, ते पुन्हा वळल्या नाहीत. नंतर कधी पत्र नाही. आहेत की नाहीत, कुठे आहेत, मला ठाऊक नाही.

रमावहिनी ऑपरेशननंतर काही वर्षं राहिल्या, निवांतपणे गेल्या. खोली बाळूचीच आहे. पैसे काढायचे असले की आम्ही तिघं बँकेत जातो, मधे बाळू, एका बाजूला मी, एका बाजूला गजानन, एक अक्षर न बोलता. तो माझी सही वाकून बघतो, मी त्याची. लुगडी अजून ठिबकतात.

आणि दर श्रावणीला बघण्यासारखं असतं. ओळीने सगळे पुरुष मंत्र म्हणत असतात, एकटा बाळू म्हणत नाही. त्याचं तोंड मिटलेलं असतं. जुनं जानवं उतरवण्याआधी, रोजच्या दक्षिणेसाठी घेतलेल्या नव्या पेटीची किल्ली सोडून त्याने दातांत धरलेली असते. नवं घालून, किल्ली त्याला गाठ मारून बांधेपर्यंत दात सुटत नाहीत.

तर पुन्हा या, लवकर या. आज मी खाली ओसरीवर सापडले, पण एरवी हल्ली मला जिना उतरवत नाही, त्यामुळे दार बाळूच उघडतो. तो दारातच हात मागे बांधून विचारेल, कशाला? रागावू नका, पिशवी पुढे करू नका. सरळ सांगा, माईला भेटायला आलो. पटलं तर आत घेईल.